शाळेच्या फाटकावरचा संप आणि लोकसभेचा प्रचार : एक प्रकरण

पार्श्वभूमी

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मी मुंबईतल्या एका उमेदवाराच्या प्रचारात एका विधानसभा क्षेत्राचा समन्वयक होतो. मुंबईत लोकसभेच्या सहा जागा आणि प्रत्येक जागेत सहा विधानसभा क्षेत्रे. त्यांपैकी एक माझ्याकडे होते. समन्वयक म्हणजे बूथप्रमुखांची यादी, चौकसभांच्या परवानग्या, खुर्च्या, पाणी आणि रात्री अकरानंतर येणारे सगळे फोन. पक्ष, मतदारसंघ आणि शिक्षणसंस्था यांची नावे इथे देत नाही. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन किरकोळ तपशील बदलले आहेत, घटनाक्रम तोच ठेवला आहे.

१६ मार्चला आचारसंहिता लागली. मुंबईचे मतदान पाचव्या टप्प्यात, २० मे रोजी. अर्ज भरायचे २६ एप्रिल ते ३ मे या दिवसांत. म्हणजे उमेदवारी जाहीर झालेल्या माणसाला दोन महिने नुसते फिरायचे होते, बोलायचे होते आणि चूक करायची नव्हती. दोन महिने चूक न करणे फार अवघड असते.

आमच्या क्षेत्रात एका शिक्षणसंस्थेचे आवार आहे. फाटक एक, मैदान एक, शाळा दोन. मराठी माध्यमाची जुनी शाळा अनुदानित, तिथल्या शिक्षकांचा पगार सरकारच्या शालार्थ या वेतन प्रणालीतून थेट बँकेत जमा होतो. वरच्या दोन मजल्यांवर इंग्रजी माध्यमाची शाळा, ती विनाअनुदानित. तिथला पगार संस्था फीमधून देते, आणि तो चार महिने झाला नव्हता. संस्थेचे म्हणणे, पालकांनी फी थकवली. शिक्षकांचे म्हणणे, फी आली पण ती इमारतीच्या दुरुस्तीत गेली. दोन्ही थोडे थोडे खरे होते.

बाहेरच्या माणसाला हे कळत नाही म्हणून सांगतो. मान्यताप्राप्त खासगी शाळा अनुदानित असो वा नसो, तिच्या शिक्षकांना १९७७ चा सेवाशर्ती कायदा लागू असतो. पण कामगार आयुक्तांकडे जायची वाट त्यांना नव्हती, कारण तेव्हा लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या ‘कामगार’ या व्याख्येत शिक्षक बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच ठरवले होते. उरतात शिक्षण निरीक्षक, शाळा न्यायाधिकरण आणि फाटक. निरीक्षकांकडे अर्ज देऊन झाला होता. न्यायाधिकरणाला वेळ लागतो. म्हणून फाटक.

या संस्थेचे अध्यक्ष आमच्या उमेदवाराचे जुने स्नेही. पक्षाचे पदाधिकारी नव्हेत, पण विभागात कोणी मोठा नेता आला की हार घालायला पहिल्या रांगेत असणारे. ९ एप्रिलला गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत दोघे एकाच ट्रकवर उभे होते, डोक्याला फेटे. तो फोटो आमच्याच माणसांनी काढला आणि आमच्याच माणसांनी चारशे ग्रुपांवर टाकला.

अडचण

पाडव्यानंतरच्या आठवड्यात इंग्रजी शाळेच्या शिक्षकांनी काम थांबवले. वेळ त्यांनी बरोबर हेरली होती. वार्षिक परीक्षा उरकत आलेल्या, पेपर तपासायचे बाकी, आणि महाराष्ट्रात शाळेचा निकाल म्हटले की १ मे. परीक्षा त्यांनी घेतल्या, एकाही मुलाचा पेपर बुडू दिला नाही. पण गुणपत्रके भरायची नाहीत, निकालपत्रकावर सही करायची नाही, असे ठरले. निकाल नाही म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला अडणार, आणि दाखला अडला की दुसऱ्या शाळेत प्रवेश घेणारे पालक अडणार. मराठी शाळेचे शिक्षक काळ्या फिती लावून वर्गात येऊ लागले.

दुसऱ्या दिवशी शोभायात्रेचा तो फोटो परत फिरू लागला. वर एकच ओळ होती : ‘फेट्याला पैसे आहेत, पगाराला नाहीत.’ कुणी लिहिली, शेवटपर्यंत कळले नाही. लिहिणाऱ्याला लिहिता येत होते, एवढे नक्की.

आता पाहा, मागणी एका संस्थेची. रक्कम एका संस्थेची. लोकसभेशी, दिल्लीशी, कुठल्याही जाहीरनाम्याशी संबंध नाही. तरी तीन दिवसांत आमच्या प्रत्येक घरभेटीत पहिला प्रश्न शाळेचा येऊ लागला. त्या आवारात दोन्ही माध्यमांची मिळून दीडेक हजार मुले, त्यांचे आईबाप, आजीआजोबा, रिक्षावाले काका, डबेवाल्या मावशी. शिवाय वर्गावर्गाचे पालकांचे ग्रुप. आमचे बूथप्रमुखही त्याच ग्रुपांवर, कारण त्यांचीही मुले तिथेच. एक बूथप्रमुख मला म्हणाला, “दादा, मी कुणाच्या दारात जाऊ? माझी बायकोच विचारतेय, निकाल कधी.”

दुसरी गोष्ट अशी की आमच्या उमेदवाराच्या भाषणात शिक्षणाचा मोठा भाग होता. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, मातृभाषेतून शिक्षण, कौशल्य वगैरे. बरे लिहिलेले भाषण होते ते. पण फाटकावर शिक्षक बसलेले असताना दोन चौक अलीकडे उभे राहून ‘शिक्षक हा राष्ट्राचा शिल्पकार’ म्हणणे म्हणजे स्वतःहून टाळ्यांऐवजी हशा मागून घेणे. भाषणातला तो भाग आम्ही आधी लहान केला, मग काढला. उमेदवाराचा सगळ्यात चांगला विषय आता त्याला तोंडात घेता येत नव्हता.

समोर असलेले पर्याय

चौथ्या दिवशी रात्री कार्यालयात बैठक झाली. उमेदवार, त्यांचे वकील, समाजमाध्यमे सांभाळणारा एक तरुण, मी आणि आणखी दोघे. कटिंग तीनदा आली, निर्णय एकदाही नाही.

पहिला पर्याय गप्प बसण्याचा. ‘संस्थेचा अंतर्गत विषय आहे’ म्हणून मोकळे व्हायचे. समाजमाध्यमे सांभाळणाऱ्या तरुणाने यासाठी शिकागोचा दाखला आणला होता, आणि तो तयारी करून आला होता. १० सप्टेंबर २०१२ रोजी शिकागोतले सार्वजनिक शाळांचे शिक्षक संपावर गेले, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. सुमारे साडेतीन लाख मुले. अध्यक्षीय निवडणूक आठ आठवड्यांवर. शहराचे महापौर रॅम इमॅन्युएल हे बराक ओबामांचे माजी चीफ ऑफ स्टाफ, आणि शिक्षक संघटना म्हणजे ओबामांच्या पक्षाचा जुना आधार. दोन्ही घरचेच. ओबामांचे प्रतिस्पर्धी उमेदवार मिट रॉम्नी यांनी त्याच दिवशी संघटनेवर टीका केली आणि ओबामांनी बाजू निवडून ठेवली आहे असा आरोप केला. व्हाइट हाउसने कुणाचीच बाजू घेतली नाही, दोघांनी बसून मिटवावे एवढेच सांगितले. १९ सप्टेंबरला शाळा उघडल्या, ६ नोव्हेंबरला ओबामा जिंकले. “म्हणून आपण बोलायचे नाही,” असा त्याचा निष्कर्ष.

त्या रात्री मला तो पटला. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा त्यातली फट दिसली. शिकागोच्या संघटनेची राष्ट्रीय मातृसंघटना फेब्रुवारीतच ओबामांना पाठिंबा देऊन बसली होती. त्या शिक्षकांना दुसरीकडे जायला जागा नव्हती. इलिनॉय हे ओबामांचे घरचे राज्य, तिथे हरायची भीती नव्हती. वर रॉम्नींचेच उपाध्यक्षपदाचे उमेदवार पॉल रायन या वादात महापौर इमॅन्युएल यांच्या बाजूने उभे राहिले, त्यामुळे हल्ल्याची धार बोथट झाली. आणि ओबामांच्या बाजूने निधी गोळा करण्याचे जे काम इमॅन्युएल यांनी नुकतेच हाती घेतले होते, ते त्यांनी संपाच्या काळात बाजूला ठेवले. म्हणजे अडचणीतला माणूस स्वतःहून मंचावरून खाली उतरला होता. आमचे अध्यक्ष ट्रकवरून उतरायला तयार नव्हते. यातली एकही गोष्ट आमच्याकडे नव्हती. आमच्याकडे नुसती चूप होती, आणि विभागाने ती ‘अध्यक्षांच्या बाजूची चूप’ म्हणून वाचली.

दुसरा पर्याय, उघड शिक्षकांच्या बाजूने बोलणे. त्यात अध्यक्ष दुखावणार, आणि त्यांच्यामागे असलेली दोन-तीन गृहनिर्माण संस्थांची मंडळीही. शिवाय ‘मग गेले चार महिने काय करत होता?’ या प्रश्नाला उत्तर नव्हते.

तिसरा पर्याय एका हितचिंतक व्यावसायिकाने फोनवर सुचवला. “किती रक्कम आहे? मी संस्थेला देणगी देतो, उद्या पगार होतील, साहेबांचे नाव होईल.” खोलीतल्या तिघांचे डोळे चमकले, माझेही. वकिलांनी पेन खाली ठेवले आणि म्हणाले, “साहेब, मतदारांच्या खात्यात पैसे, निवडणुकीच्या तोंडावर, तुमच्या नावाने. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२३ वाचून दाखवू का?” त्या कलमात लाचेला भ्रष्ट आचरण म्हटले आहे आणि तेवढ्यावर निवड रद्द होऊ शकते. विषय तिथेच संपला. त्या बैठकीतला निर्विवाद योग्य निर्णय हा एकच.

चौथा पर्याय पडद्याआडून मध्यस्थीचा. तो सगळ्यांना आवडला आणि म्हणूनच कुणी अंगावर घेतला नाही. बैठक संपली तेव्हा न ठरवताच पहिला पर्याय अमलात आलेला होता.

काय घडले, काय केले

गप्प राहण्याचा निर्णय दीड दिवस टिकला. एका चौकसभेनंतर स्थानिक वाहिनीच्या पोराने माईक पुढे केला, “शाळेच्या पगाराचे काय?” उमेदवार थकलेले होते. म्हणाले, “शिक्षण हा राज्याचा विषय आहे, मी लोकसभेचा उमेदवार आहे.”

एका वाक्यात दोन चुका. ती शाळा विनाअनुदानित, पगाराची जबाबदारी संस्थेची, म्हणजे त्यांच्या मित्राची. राज्याचा इथे संबंध नव्हता. आणि शिक्षण हा विषय १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेलेला आहे, तो एकट्या राज्याचा नाही. फाटकावर बसलेल्या बाईंमध्ये नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी फळा आणवला, समोर मुले नसताना तीन सूच्यांचा तक्ता काढला, आणि अगदी तासाला शिकवतात तसा समजावून सांगितला. आवाज चढवला नाही, उमेदवाराचे नाव घेतले नाही. शेवटी एवढेच म्हणाल्या, “हा प्रश्न परीक्षेत दोन गुणांना येतो.” तो व्हिडिओ आमच्या सगळ्या जाहिरातींपेक्षा जास्त लोकांनी पाहिला असेल.

दुसऱ्या दिवशी प्रदेश कार्यालयातून फोन आला. तिथल्या माणसाला आमच्या शाळेचे काही पडलेले नव्हते. वरच्या प्रवक्त्यांना वाहिन्यांवर ‘तुमच्या उमेदवाराला समवर्ती सूची माहीत नाही’ हे ऐकावे लागत होते. गल्लीतला संप दिल्लीच्या प्रचाराला नक्की कुठून भिडतो, याचे माझे उत्तर हे आहे. संपाची मागणी वर जात नाही, उमेदवाराची एक ओळ वर जाते.

याच सुमारास विरोधी उमेदवार फाटकावर आले, सोबत दुसऱ्या राज्यातला एक मोठा नेता. आम्ही कार्यालयात डोक्याला हात लावून बसलो. पण शिक्षकांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले, माईक दिला नाही. त्याच नागरिकशास्त्राच्या बाई म्हणाल्या, “साहेब, बसा. ऐका. बोलायचे मात्र आम्हीच.” पोलिसांची परवानगी राजकीय भाषण होणार नाही या अटीवर होती, हे एक कारण. दुसरे मला नंतर कळले : मराठी शाळेच्या शिक्षकांपैकी बऱ्याच जणांना निवडणूक कामाचे आदेश आलेले होते. काळ्या फिती लावणारे हे लोक सुट्टीच्या दिवशी प्रशिक्षणाला जाऊन मतदान यंत्र जोडायला शिकत होते. आपल्यावर पक्षाचा शिक्का बसला तर या सहकाऱ्यांच्या मागे नोटिसा लागतील, ही त्यांची काळजी. या प्रकरणात सगळ्यात शहाणा राजकीय निर्णय घेतला तो राजकारणात नसलेल्यांनी.

त्या रात्री मी आमच्या विभागातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांकडे गेलो. अध्यक्ष त्यांचे विद्यार्थी, आणि संपावरच्या निम्म्या बाईंना त्यांनीच नोकरीत घेतलेले. सरांनी पूर्ण ऐकून घेतले आणि विचारले, “तुम्हाला संप मिटवायचाय की बातमी?” मी म्हटले, “खरे सांगू का सर, बातमी.” ते म्हणाले, “मग निदान खोटे तरी बोलत नाहीस. उद्या तुमच्या साहेबांना घेऊन ये. फोटोवाला आणायचा नाही.”

बैठक सरांच्या घरी झाली, दोन खोल्यांच्या घरात, दहा माणसे. अध्यक्षांनी सुरुवातीलाच अट घातली : हा संप विरोधकांनी घडवून आणला आहे, असे उमेदवाराने जाहीर सांगावे, मग पगाराचे बघू. उमेदवार काही क्षण गप्प राहिले. मला वाटले, आता हो म्हणतात. ते म्हणाले, “अण्णा, यांनी त्यांना माईक नाही दिला. मी खोटे कसे बोलू?” पुढच्या सभेच्या स्वागत यादीतून अध्यक्षांचे नाव काढायला त्यांनी मला तिथेच सांगितले, अण्णांच्या देखत. अध्यक्ष उठून गेले. सरांनी दुसऱ्या दिवशी त्यांना परत बोलावले, तेव्हा ते आले.

तोड अशी निघाली. संस्थेने एक मुदत ठेव मोडून दोन महिन्यांचा पगार लगेच द्यायचा. तिसरा महिना मे अखेर, चौथा जून अखेर. पहिली रक्कम जमा झाल्यावर शिक्षकांनी गुणपत्रके पूर्ण करायची. कागद संस्थेच्या लेटरहेडवर, सह्या अध्यक्ष, सचिव, मुख्याध्यापिका आणि तीन शिक्षक प्रतिनिधींच्या, साक्षीदार निवृत्त सर. उमेदवाराचे नाव कागदावर कुठेही येणार नाही, हे वकिलांनी दोनदा वाचून पक्के केले. निकाल १ मे ऐवजी चार दिवस उशिरा लागला.

परिणाम

आमचा उमेदवार निवडून आला की पडला, हे मुद्दाम सांगत नाही. सांगितले की वाचणारा लगेच मागे जाऊन प्रत्येक निर्णयाला बरोबर-चूक ठरवतो. मतांवर परिणाम झाला का, हे पाहायला आम्ही नंतर फॉर्म २० मधली केंद्रनिहाय मते काढली. शाळेभोवतालच्या केंद्रांची मते शेजारच्या केंद्रांपेक्षा फारशी वेगळी नव्हती. २०१९ शी तुलना करावी तर २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटलेली. पाच वर्षांपूर्वीच्या आकड्याशेजारी आजचा आकडा ठेवण्यात अर्थच उरला नव्हता. संपाने मते गेली, असे म्हणणारा पुरावा माझ्याकडे नाही.

दिवस मात्र गेले. उमेदवाराचे, माझे, बूथप्रमुखांचे मिळून अर्ज भरण्याआधीचे जवळजवळ दोन आठवडे शाळेत गेले. तीन बूथप्रमुख ‘मुलांची परीक्षा आहे’ म्हणून बाजूला झाले ते मतदानाच्या आदल्या दिवशी परतले. शिक्षणावरचे भाषण परत आलेच नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात ते पुन्हा घालावे असे आम्ही म्हणत होतो, तेवढ्यात १३ मेला घाटकोपरचे होर्डिंग कोसळले. सतरा माणसे गेली. त्यानंतर मुंबईत कुणी कुणाला शाळेचे विचारले नाही, आणि विचारायला नकोच होते.

२० मेला तेच आवार मतदान केंद्र होते. उकाडा भयंकर, रांगा लांबलचक, सरकता सरकेनात. मराठी शाळेतल्या शिक्षकांपैकी बरेच जण दुसऱ्या भागातल्या केंद्रांवर मतदान अधिकारी म्हणून रात्री उशिरापर्यंत बसले होते.

वेगळे काय करता आले असते

पहिला निर्णयाचा क्षण मी संपाच्या दिवशी धरत होतो. तो शोभायात्रेच्या दिवशी होता. ट्रकवर कुणाला चढवायचे हे ठरवताना आम्ही त्याच्यामागे किती माणसे आहेत हे पाहिले, त्याने कुणाचे देणे थकवले आहे हे पाहिले नाही. चार महिन्यांचा थकलेला पगार लपून राहत नाही. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला माहीत होते, कारण निरीक्षकांना दिलेल्या अर्जाच्या प्रती त्यानेच काढल्या होत्या.

दुसरे, पहिल्याच दिवशी एक साधे वाक्य बोलायला हवे होते : केलेल्या कामाचा पगार मिळाला पाहिजे, आणि मुलांचा निकाल वेळेवर लागला पाहिजे. यात बाजू घेतल्यासारखे वाटेल ही भीती होती. पण अध्यक्षांशी असलेली मैत्री सगळ्यांना दिसत असताना आमची बाजू ठरलेलीच होती. बोलण्याने ती बिघडली नसती, थोडी सावरली असती. आमच्यातले एक सहकारी अजूनही याला हरकत घेतात. त्यांच्या मते बोललो असतो तर पुढच्या आठवड्यात विभागातल्या प्रत्येक थकबाकीदार संस्थेच्या फाटकावर आम्हाला उभे राहावे लागले असते. त्यांचे म्हणणे मी पूर्ण खोडू शकत नाही.

तिसरे, प्रश्न अनुदानिताचा की विनाअनुदानिताचा एवढे तरी उमेदवाराच्या खिशातल्या कागदावर हवे होते. लोकसभेच्या प्रचाराची टिपणे दिल्लीहून येतात; त्यांत समवर्ती सूची असते, शालार्थ नसते. ते टिपण करणे माझे काम होते. मी त्या दिवशी खुर्च्यांच्या भाड्याची घासाघीस करत होतो.

मध्यस्थीही चार दिवस आधी होऊ शकली असती. निवृत्त सरांचे घर आमच्या कार्यालयापासून पायी सात मिनिटांवर आहे. आम्ही शिकागोला जाऊन आलो, सरांकडे गेलो नाही.

तिसरा महिना मे अखेर वेळेवर जमा झाला. चौथ्याबद्दल शिक्षकांना धाकधूक होती, कारण लोकसभेचा निकाल ४ जूनला लागून गेला होता आणि आता फाटकाकडे कुणी बघणार नव्हते. पण मुंबई शिक्षक मतदारसंघाची विधान परिषदेची निवडणूक बाकी होती. तिचे मतदान आधी १० जूनला होते, शाळांना सुट्टी म्हणून आयोगाने ते २६ जूनवर नेले. माध्यमिक वर्गांना शिकवणाऱ्या त्या बाई तिथे मतदार होत्या, आणि अध्यक्ष त्यातल्या एका उमेदवाराचे काम करत होते. चौथा पगार महिना संपायची वाट न पाहता मतदानाच्या दोन दिवस आधी जमा झाला.